कॅबिनेटची मंजुरी

बैठक अकराची होती आणि अकरालाच सुरू झाली, कारण गुणवंत अंजनकरांच्या, म्हणजे आबांच्या, घरात उशीर फक्त निर्णयाला होत असे.

स्वरूपाने उपम्याच्या बश्या उचलून टेबलावर ओलं फडकं फिरवलं. ओल्या टेबलावर फाइल ठेवणं आबांना मान्य नव्हतं, म्हणून ते वाळेपर्यंत सगळे पंख्याखाली गप्प बसून राहिले. मग लाल फितीची गाठ सुटली. फाइल क्रमांक तीन, चालू वर्ष. विषय : कु. अक्षता हिच्यासाठी संगणक, सुटे भाग आणून जोडणे.

निवृत्तीला बावीस वर्षं होऊन गेली तरी खरेदी शाखेतला अवर सचिव आबांच्या अंगातून निघाला नव्हता. दिल्लीतल्या द्वारकेच्या या फ्लॅटमध्ये मिक्सर आला तो फाइलवरून, इन्व्हर्टर आला तोही फाइलवरून. वॉशिंग मशीनच्या फाइलला चौदा महिने लागले. तोवर कंपनीने ते मॉडेलच बंद केलं आणि नवी फाइल उघडावी लागली. प्रत्येक वस्तूला तीन दुकानांचे दर, प्रत्येक खरेदीला ‘औचित्य’ नावाचा रकाना आणि खाली समितीच्या सह्या. समिती म्हणजे स्वतः आबा, त्यांच्या पत्नी कौशल्याबाई, मुलगा सुजय, सून स्वरूपा आणि बाहेरची सदस्य म्हणून मुलगी अलका. बाहेरची म्हणजे गाझियाबादची. सकाळी वैशालीला मेट्रोत बसून ती दीड तासाने इथे उतरली होती. आपल्याला कशासाठी बोलावलंय ते तिला फोनवरच कळलं होतं. “ताई, तू फक्त नाही म्हण,” सुजय म्हणाला होता. “तू म्हटलंस की आबा ऐकतात.”

अक्षता, सुजय-स्वरूपाची चोवीस वर्षांची लेक, अर्जदार होती. अर्जदाराला मत नसतं.

“वाचतो,” आबा म्हणाले. “प्रोसेसर. मदरबोर्ड. रॅम. एसएसडी. पॉवर सप्लाय. ग्राफिक्स कार्ड. कूलर. कॅबिनेट. एकूण आठ नग. कुणाची हरकत?”

“कूलर कशाला?” कौशल्याबाई म्हणाल्या. “माळ्यावर आहे की एक. गवत तेवढं बदलून घ्यावं लागेल.”

“आजी, तो कूलर नाही. हा प्रोसेसरला थंड ठेवतो.”

“मग माळ्यावरचा काय वेगळं करतो? तो तर खोलीसकट करतो.”

आबांनी पेन उघडलं आणि कूलरसमोर लिहिलं : भांडारात उपलब्ध.

“आबा, यार!”

“यार नाही. अध्यक्षांना यार म्हणायचं नाही. पुढे.”

“पुढे म्हणजे प्रोसेसर. तुम्ही प्रोसेसर एका दुकानाचा घेतलाय आणि मदरबोर्ड दुसऱ्याच दुकानाचा. हा प्रोसेसर या बोर्डावर बसतच नाही. कंपनी वेगळी, पिना वेगळ्या.”

“दोन्ही सर्वांत कमी दराचे आहेत.”

“पण बसत नाहीत ना, आबा!”

“बसतील,” आबा शांतपणे म्हणाले. “अडतीस वर्षं मी अशा माणसांबरोबर बसलो, ज्यांच्याशी माझी एक पिन जुळत नव्हती. काम झालंच ना?”

कौशल्याबाईंनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. या हिशेबात आपणही धरलो गेलो आहोत की काय, हे त्यांना कळेना. अलकाला खुदकन हसू आलं. ते तिने आवरलं, कारण ती नाही म्हणायला आली होती.

अक्षताला मात्र हसू येत नव्हतं. तिच्याकडे अठरा दिवस उरले होते. गुडगावच्या एका लहानशा स्टुडिओने तिला काम दिलं होतं. एकाच खोलीत घडणारा एक छोटा गेम स्वतः रचून पाठव, आवडला तर नोकरी पक्की. खोली तिच्या डोक्यात केव्हाची तयार होती. पण जुन्या लॅपटॉपवर त्या खोलीत दिवा लावला की लॅपटॉपच विझत असे. यादीतल्या सात वस्तूंशी एक वेळ तडजोड झाली असती. ग्राफिक्स कार्डाशी नाही.

आणि औचित्याच्या रकान्यात तिने स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं : नागरी सेवा परीक्षेची तयारी, तिसरा प्रयत्न. दुसरं काही लिहिलं असतं तर फाइल उघडलीच नसती. अंजनकरांच्या तीन पिढ्या सरकारात गेल्या होत्या. चौथीतही कुणीतरी जावं आणि शक्य तर आबांच्या दोन पायऱ्या वर जावं, अशी घराची समजूत होती. तिसरा प्रयत्न वगैरे काही नव्हतं. अक्षताने या वर्षी फॉर्मच भरला नव्हता.

“माझी हरकत सहाव्या नगाला आहे,” सुजय म्हणाला. तोही मंत्रालयातच होता आणि हरकत कशी घ्यायची हे तो वडिलांकडूनच शिकला होता. “ग्राफिक्स कार्ड. अभ्यासाला ते लागत नाही. कशाला लागतं ते मी इंटरनेटवर बघितलंय. गेमला लागतं.”

“नकाशे आहेत, बाबा. भूगोल ऑप्शनल आहे माझा.”

“नकाशा भिंतीवर लावतात. मुनिरकेत जाऊन बघ एकदा. सातारच्या, लातूरच्या मुली एका खोलीत चौघी राहतात. पहाटे पाचला उठून वाचतात. त्यांच्याकडे ग्राफिक्स कार्ड आहे?”

“त्यांच्याकडे तुम्ही पण नाही, बाबा,” अक्षता पुटपुटली.

“काय?”

“काही नाही.”

स्वरूपा चहा ओतत होती. तिने दोघांचं बोलणं ऐकलं आणि किटली खाली ठेवली. पहिल्या प्रयत्नापासून त्या फॉर्मवर मोबाइल नंबर तिचा होता. दर वर्षी एखाद्या संध्याकाळी तिच्या फोनवर सहा आकडे यायचे, अक्षता आतून ओरडायची, “आई, ओटीपी सांग!” या वर्षी ती शेवटच्या तारखेपर्यंत वाट पाहत राहिली. आकडे आले नाहीत. त्या दिवसापासून स्वरूपा मूग गिळून बसली होती. नवऱ्याला सांगितलं तर मुलगी तुटणार, मुलीला विचारलं तर नवऱ्यापासून लपवावं लागणार. असल्या वेळी ती चहा करत असे. गेल्या दोन महिन्यांत घरात चहा फार झाला होता.

“स्वरूपा, तुझं मत?” आबांनी विचारलं.

“माझं काय, सगळ्यांचं होऊ द्या,” ती म्हणाली आणि साखरेचा डबा आणायला निघून गेली.

म्हणजे सुजय विरुद्ध, स्वरूपा तटस्थ आणि अलकाचं मत सुजयच्या खिशात. आबांचं मत नेहमीच बहुमताच्या बाजूला असे, याला ते निष्पक्षपणा म्हणत. उरल्या कौशल्याबाई. त्या चष्मा लावून यादी स्वतः वाचत होत्या.

“अच्छा, हे आठवं,” त्या म्हणाल्या. “कॅबिनेट. याला कॅबिनेट पण येतं?”

“येतं ना, आजी. त्याच्याशिवाय कसं चालेल?”

“मग आधी सांगायचं!” कौशल्याबाईंचा चेहरा खुलला. “मग माझी काही हरकत नाही. ते कार्ड घ्या नाही तर बिर्ड घ्या. कॅबिनेट असलं की प्रश्नच मिटला. आपल्या आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये नव्हतं? टीव्ही आत, वर लाकडी शटर, शटरला कुलूप आणि किल्ली माझ्या कमरेला. पोरं कशी सुतासारखी सरळ होती. हिचंही तसंच करू. अभ्यास झाला की उघडायचं.”

अक्षताच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आजीच्या डोळ्यांपुढे शटरचं लाकडी कपाट उभं होतं. ज्या पत्र्याच्या डब्यात सगळे भाग बसतात त्याला बाजारात कॅबिनेट म्हणतात, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि हे मत हवं असेल तर सांगायची गरजही नव्हती.

“याला कुलूप असतं ना गं?”

“बंद करता येतं, आजी,” अक्षता म्हणाली. डब्याला चार स्क्रू असतात, त्यामुळे हे अगदीच खोटं नव्हतं. तरी तिने आजीच्या नजरेला नजर दिली नाही.

“बिल्कुल,” सुजय एकदम म्हणाला. त्याने डाव बदलला होता. “आईचं बरोबर आहे. कुलूप असेल तर माझी हरकत मागे. चाबी आईकडे. चलो, ताई, तू बोल.”

कुलूप हा शब्द आल्यापासून अलका टेबलाच्या कडेवर नखाने रेघ ओढत होती. छप्पन्न वर्षांची, विमा कंपनीत शाखाप्रमुख, वीस माणसं हाताखाली. पण आईच्या तोंडून ‘किल्ली माझ्या कमरेला’ ऐकलं आणि ती सतरा वर्षांची झाली.

“आई,” ती म्हणाली, “शहाऐंशी सालचा मार्च आठवतो तुला?”

“कुठला मार्च?”

“सुजयची दहावी होती. आणि मी टीव्हीवर आले होते.”

“तू टीव्हीवर आली होतीस, आत्या?” अक्षता उडालीच.

“आले होते. शाळेची प्रश्नमंजूषेची टीम होती, तीन मुली. समोर टेबलावर पाटी होती, अलका गुणवंत अंजनकर. पूर्ण नाव. अकरा प्रश्न मी एकटीने सोडवले आणि आम्ही जिंकलो. बुधवारी संध्याकाळी साडेसहाला दाखवणार होते. मी आईला आठवडाभर आधी सांगितलं होतं. आई म्हणाली, बघू.”

कौशल्याबाईंनी चष्मा काढला.

“दुसऱ्या दिवशी सुजयचा गणिताचा पेपर होता. घरात आवाज नको. साडेसहा वाजले, सात वाजले, शटर बंद. आबा ऑफिसात. मी त्या लाकडी शटरसमोर स्टुलावर बसून होते, अर्धा तास. आत मी उत्तरं देत होते आणि बाहेर मी बसले होते.”

“शेजारी जायचंस,” आबा म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता. “सगळ्यांकडे टीव्ही होता तेव्हा.”

“आणि काय सांगू, आबा? मी टीव्हीवर आहे पण माझ्या घरी कुलूप आहे? दुसऱ्या दिवशी शाळेत सगळ्या म्हणत होत्या, काय सुंदर दिसलीस. मी हो हो म्हणत होते. अख्ख्या दिल्लीने मला बघितलं. मी नाही बघितलं. कशी दिसले, केस विस्कटले होते का, कळलंच नाही. रेकॉर्डिंग वगैरे कुणाकडे असायचं तेव्हा?”

खाली भाजीवाला मटार ओरडत गेला.

“आणि याला गणितात किती पडले?” अलका सुजयकडे बोट करत म्हणाली. “बावन्न!”

सुजयने बावन्न ऐकलं आणि नेहमीसारखा तो चिडला नाही. घरात हा आकडा चाळीस वर्षं थट्टेला होता आणि त्याची त्याला सवय झाली होती. त्याला सवय नव्हती ती दुसऱ्या गोष्टीची, जी आजवर कुणाला ठाऊकच नव्हती. आईने टेबलावर काढून ठेवलेल्या चष्म्याकडे तो पाहत राहिला. मग काय झालं ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. कदाचित ताईने ‘स्टुलावर’ म्हटलं म्हणून असेल. ते स्टूल त्याला दिसत होतं. त्या संध्याकाळी तो दारातून पाहत होता.

“ते कुलूप कर्कटकाने उघडायचं,” तो म्हणाला.

“कर्कटक म्हणजे?” अक्षताने विचारलं.

“कंपासपेटीतलं. दोन टोकांचं.”

“डिव्हायडर?”

“हां, तेच. एक टोक घालून डावीकडे दाबलं की खट्. आई मंडीत गेली की मी उघडायचो. वन-डे मॅचेस बघितल्या मी तशा. सगळ्या.”

अलकाने मान वळवली. “म्हणजे त्या दिवशी...”

“गणिताचा पेपर होता. कंपासपेटी माझ्या हातातच होती, ताई.” सुजयने कप बाजूला सरकवला. “उघडलं असतं तर आईला कळलं असतं की मला उघडता येतं. मग पुढच्या मॅचेस गेल्या असत्या.”

अलका उठून उभी राहिली. आता ती निघून जाईल असं सगळ्यांना वाटलं. पण तिने चहाचा कप उचलला, एका दमात गार चहा पिऊन टाकला आणि परत बसली.

“आबा, लिहून घ्या,” ती म्हणाली. “माझं मत हो. कार्डासकट. आणि कुलूप नको.”

“ताई, तो वेगळा विषय आहे. हिच्या परीक्षेचा...”

“तू बोलूच नकोस. तुझं तोंड तूच बंद केलंयस. कर्कटकाने.”

दोन विरुद्ध मतांचं एकच उरलं होतं, तेही खचलेलं. अक्षताला गप्प बसून राहणं पुरेसं होतं. आत्या आपल्या बाजूने, आजी आपल्या बाजूने, आबा आपोआप. पण टेबलापलीकडे आत्याचे डोळे लाल झाले होते. आणि आजी रिकाम्या कमरेवर हात ठेवून बसली होती, किल्ली असायची त्या जागी. आत्याने जे सांगितलं ते चाळीस वर्षं पोटात ठेवून सांगितलं होतं. त्यावर आपलं खोटं मंजूर करून घ्यायचं अक्षताच्या जिवावर आलं.

“मी फॉर्म भरला नाहीये,” ती म्हणाली.

“कसला फॉर्म?” सुजयने विचारलं.

“परीक्षेचा. तारीख गेली. मी तिसरी अटेंप्ट देत नाहीये, बाबा. मला गेम बनवायचाय. खेळायचा नाही, बनवायचा. गुडगावला एकांनी काम दिलंय, अठरा दिवसांत पाठवायचंय. ग्राफिक्स कार्ड नकाशांसाठी नाही. सॉरी, आबा. ते औचित्य झूठ आहे.”

सुजयने तोंड उघडलं. मग ताईकडे पाहिलं आणि मिटलं. शेवटी तो बायकोकडे वळला. “स्वरूपा, ऐकलंस?”

“मला माहीत होतं,” साखरेचा डबा धरून दारात उभी असलेली स्वरूपा म्हणाली. “ओटीपी आला नाही.”

“आणि तू बोलली नाहीस?”

“चहा किती वेळा केला, विचारा.”

आबांनी फाइल आपल्याकडे ओढली. कितीतरी फाइली त्यांनी या टेबलावर निकाली काढल्या होत्या, पण खोट्या औचित्याची ही पहिलीच. एक सरळ रेघ मारून त्यांनी ती ओळ खोडली आणि बाजूला आद्याक्षरं केली.

“औचित्य नसेल तर प्रकरण परत जातं,” ते म्हणाले. “नियम आहे. काय लिहू?”

“गेम लिहा,” अलका म्हणाली.

“गेम हे औचित्य होत नाही.”

“एक मिनिट,” कौशल्याबाई म्हणाल्या. मघापासून त्या पहिल्यांदा बोलत होत्या आणि अक्षताशी बोलत होत्या. “ते कॅबिनेट. खरं सांग, कसलं असतं?”

“पत्र्याचं, आजी. डब्यासारखं. सगळे पार्ट त्याच्यात बसतात. कुलूपबिलूप नसतं. मगाशी मी तुला फसवलं.”

“ते कळलं मला. तू माझ्याकडे बघितलं नाहीस तेव्हाच. सगळी पत्र्याचीच असतात?”

“काचेचं पण मिळतं. एका बाजूला पूर्ण काच. पण ते महाग असतं.”

“काचेतून काय दिसतं?”

“सगळं. पंखे, लाइट्स, आत काय चाललंय ते.”

कौशल्याबाईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला. “मग काचेचंच घ्या.”

“सर्वांत कमी दराचं पत्र्याचं आहे,” आबा म्हणाले.

“मग माझी सही नाही.”

आबा चमकले. आजवरच्या प्रत्येक फाइलवर पहिली सही बायकोची होती, ती न वाचता होत असे आणि त्यालाच ते समितीचा विश्वास मानत आले होते. थोडा वेळ त्यांनी पेनाच्या निबेकडे पाहिलं. मग आठव्या नगापुढे लिहिलं : काचेचे. त्याच हाताने सातव्या नगापुढचं ‘भांडारात उपलब्ध’ही खोडलं.

“प्रोसेसर आणि बोर्ड एकाच जातीचे घेऊ,” ते कुणाकडे न पाहता म्हणाले. “हल्ली जुळवून घेणारे मिळत नाहीत. आता औचित्य सांगा.”

“लिहा,” कौशल्याबाई म्हणाल्या. त्या आता अक्षताकडे पाहत नव्हत्या, अलकाकडे पाहत होत्या. “घरच्या मुलीने केलेलं घरच्यांनी बघावं म्हणून.”

आबांनी ते शब्दशः लिहिलं. अलका खिडकीकडे तोंड करून बसली.

फाइल टेबलाभोवती फिरली. कौशल्याबाईंनी या वेळी आधी वाचलं, मग सही केली. स्वरूपाने केली. सुजयने बराच वेळ पेन हातात धरून ठेवलं. पोरीने सरकारी नोकरीवर पाणी सोडलं होतं आणि तिला अडवायला त्याच्याकडे एकही हरकत शिल्लक नव्हती. शेवटी त्याने खाली एकच शब्द लिहिला, ‘पाहिले’, आणि सही केली. मंत्रालयात हा शब्द हो म्हणायचं नसतं आणि नाहीही म्हणायचं नसतं तेव्हा लिहितात. आज त्याला तो वेगळाच वाटला. फाइल ताईपुढे सरकवताना तो हळूच म्हणाला, “केस विस्कटलेले नव्हते.”

“तुला काय माहीत?”

“शाळेतून परस्पर स्टुडिओत गेली होतीस. निघताना दोन वेण्या होत्या, लाल रिबनी. आलीस तेव्हाही जागच्या जागी होत्या.”

अलकाने औचित्याची ओळ वाचली, पुन्हा वाचली आणि सही करून फाइल मिटली.

आबांनी ती उघडली, कारण सह्या तपासल्याशिवाय ते फीत बांधत नसत. शेवटची सही चुकली होती. लग्नाला एकतीस वर्षं झालेल्या बाईने लिहिलं होतं : अलका गुणवंत अंजनकर. आबांनी दुरुस्तीसाठी पेन उचललं. मग टोपण लावून ते खिशात ठेवलं आणि फीत बांधली.